डॉक्टर हुपरीकरांचा पतंग

डॉक्टर हुपरीकर भिंतीला नाक लावून उभे होते.

सकाळची वेळ होती. रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात धुकं शिरलं होतं आणि ओळखीच्या माणसासारखं खुर्चीत बसलं होतं. त्यामुळे मला आधी डॉक्टरांची पाठ दिसली, मग पायजमा दिसला, आणि ते नेमकं काय करताहेत हे कळायला आणखी थोडा वेळ गेला.

"देवस्थळी," ते भिंतीला म्हणाले, "श्वास घेऊ नका."

मी घेतला नाही. साहेबांचा हुकूम होता, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

रात्री जिथं कंदील टांगला होता त्या खुंटीखाली, चुन्याच्या भिंतीवर, एक पतंग बसला होता. अंगठ्याएवढा, लठ्ठ, अंगभर लोकर. रंग भिजलेल्या पोत्याचा. पुढच्या पंखांवर मात्र एकेक पांढरा ठिपका. भिंत रंगवणाऱ्यानं जाता जाता त्याला बोट पुसलं असावं तसा.

"हा इथं असायला नको," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. लॉटरी लागलेला माणूस शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जसा बोलतो, तसा तो आवाज होता.

त्या काळात मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत कीटकशास्त्र विभागात सहायक होतो. सहायकानं बरणी धरायची, चिठ्ठ्या लिहायच्या आणि डॉक्टर हुपरीकर बोलत असले की पटल्यासारखं तोंड करायचं. पतंगांच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा असे. इतर बाबतींत त्यांना कोणी विचारत नसे.

आम्ही आलो होतो ते वेळूमाळला. डॉक्टर गेल्या साली एकदा येऊन गेले होते, मी पहिल्यांदाच. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर. कागदाच्या गिरणीला लाकूड लागेल म्हणून तिथं जंगल खात्यानं पाइन लावले होते. बी मेक्सिकोहून आणलं होतं. झाडं वाढली; गिरणी काही आली नाही. गावकरी त्याला परदेशी सुरूचं रान म्हणत आणि त्यात गुरं घालत नसत, कारण गुरंही ते खात नसत.

तर या रानात पतंग सापडले. रेंजर भोईट्यांनी दोन मेलेले पतंग काड्यापेटीत घालून संस्थेला पाठवले होते आणि विचारलं होतं, की ही कीड आहे काय? कीड रानात मुक्कामाला असेल तर सगळं रान तोडून जाळायचं, असा खात्याचा नियम होता. भोईटे कामाचा माणूस. उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी लाकूडतोडे आधीच बोलावून ठेवले होते. ते रानाच्या कडेला पाल ठोकून राहिले होते आणि दिवसभर कुऱ्हाडींना धार लावत होते. धुक्यातून तो आवाज येई. माणसं दिसत नसत.

डॉक्टरांना मात्र कीड वगैरेत रस नव्हता. हा पतंग हिमालयातला. तिथल्या उतारांवर चिडीचे पाइन असतात, त्यांच्या सुया खाऊन तो जगतो. हिमालयाच्या खाली, दक्षिणेला, तो कुणी पाहिलेला नव्हता. आणि डॉक्टरांचा एक सिद्धांत होता. फार पूर्वी, पृथ्वीवर थंडीचं युग होतं तेव्हा, हिमालयातले जीव डोंगरांच्या रांगा धरून सह्याद्रीपर्यंत आले. पुढे उकाडा वाढला, बाकीचे मेले, पण काही उंच माथ्यांवर अडकून राहिले. दहा वर्षं ते या सिद्धांतावर लिहीत होते. त्यात सगळं होतं, फक्त अडकून राहिलेला जीव नव्हता. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. हिवाळ्यात दिल्लीला परिषद होती.

"सर," मी श्वास सोडून म्हणालो, "पण हे रान लावलं त्याला वीस-बावीसच वर्षं झाली. त्याआधी हजारो वर्षं हा इथं खात काय होता?"

डॉक्टरांनी नाक भिंतीपासून सोडवलं. त्याला चुना लागला होता.

"ते शोधायचं," ते म्हणाले. "सगळं मीच सांगू का?"

रेस्ट हाउसची देखभाल आणि रानाची राखण एकाच माणसाकडे होती, हैबती पिसाळ. पूर्वी पलटणीत होता, आता फॉरेस्ट गार्ड. मिशी अजून पलटणीतच होती. गढवालात छावणी असताना त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं आणि तिला सह्याद्रीच्या माथ्यावर आणून ठेवलं. माहेरची ती गौरा. सासरच्यांनी रीतीप्रमाणे नाव बदलून शालन ठेवलं. हैबती एकांतात मात्र गौराच म्हणे. पण त्याचा आवाज परेडच्या मैदानावर तयार झालेला असल्यानं तो एकांत अर्ध्या डोंगराला ऐकू जाई. म्हणून सगळेच गौरावहिनी म्हणत, सासू सोडून.

रेस्ट हाउसमध्ये स्वयंपाक त्या करीत. उंच, सावकाश चालणाऱ्या, डोळे सदा लांब कुठेतरी लागलेले. भाषा मात्र अस्सल सासरची. "साहेब, वाईच भाकरी घ्या की," असं त्या म्हणाल्या, की चेहरा एका मुलखातला आणि शब्द दुसऱ्या मुलखातले, असं वाटे.

आम्ही रान पालथं घातलं. पतंग आहेत म्हणजे त्यांच्या अळ्या असणार, अळ्या आहेत म्हणजे कुरतडलेल्या सुया असणार. हैबती शिडी धरायचा, मी चढायचो, डॉक्टर खालून दिशा सांगायचे. त्या रानात पायांचा आवाज होत नसे. खाली सुयांची गादी, वर धुक्याचं छत, आणि वारा आला की सगळी झाडं मिळून लांबवरच्या समुद्रासारखी वाजायची. शिडीवर उभं राहून मला दोनदा डुलकी लागली. एकदा तर वाटलं, मी झाडावर चढलेलो नाहीच. झाडच सावकाश खाली बुडत चाललंय आणि मी त्याला धरून आहे.

एक अळी मिळाली नाही. कोश नाही, कुरतडलेली सुई नाही. पतंग मात्र मिळाले, तेही फक्त रानाच्या एका कडेला, रेस्ट हाउसच्या बाजूच्या पहिल्याच झाडावर.

त्या झाडाच्या बुंध्याशी वाळक्या सुयांचा एक ढीग होता. मी सहज मूठभर उचलल्या. या रानातल्या झाडांच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात. माझ्या हातातल्या तीन-तीनच्या होत्या, आणि चांगल्या वीतभर लांब. मी तसं डॉक्टरांना सांगितलं. ते तेव्हा पतंगाशी बोलत होते. म्हणाले, "देवस्थळी, आपण वनस्पतिशास्त्रात नाही."

मी सुया टाकून दिल्या. आपण खरोखरच वनस्पतिशास्त्रात नव्हतो.

दुपारी गौरावहिनी तिथंच डबा घेऊन आल्या आणि त्याच बुंध्याशी बसल्या. रोज बसत असाव्यात. बुंध्याची साल तेवढ्या जागी पाठ टेकून गुळगुळीत झाली होती. डॉक्टर आणि हैबती पुढे गेले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं,

"भाऊ, झाडं तोडणार व्हय?"

मी म्हणालो, ते पतंगावर आहे.

"त्या एवढ्याशा पाखरावर?"

"पाखरू इथलं निघालं तर तोडतील. इथं राहतं, पिल्लं घालतं, असं ठरलं तर."

त्यांनी पाठ बुंध्याला टेकली. वारा आला, रान वाजलं.

"ह्यो आवाज हाय ना," त्या म्हणाल्या, "ह्याच्यासाठी मी हितं ऱ्हायले. न्हायतर पयल्या वर्सालाच पळून गेले आसते. त्यास्नी सांगू नका."

मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय, आणि हैबतीला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

पतंगाची खरी ओळख पंखांवर नसते. पंख झिजतात, उडतात, उन्हापावसात दुसऱ्याच कुणासारखे दिसू लागतात. म्हणून नराच्या पोटाचं टोक कापून पोटॅशमध्ये उकळायचं. मांस विरघळून जातं आणि आत शिंगासारखे बारीक कठीण तुकडे उरतात. ते प्रत्येक जातीचे वेगळे असतात आणि खोटं बोलत नाहीत. डॉक्टरांनी हा प्रकार रेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात केला. गौरावहिनींनी हरकत घेतली नाही. चहाचं पातेलं तेवढं लांबच्या चुलीवर नेलं.

सूक्ष्मदर्शक व्हरांड्यातल्या टेबलावर होता. डॉक्टरांनी एक डोळा लावला, दुसरा मिटला, आणि तसेच राहिले. शेजारी पुस्तकातलं चित्र उघडं होतं. ते आत बघत, चित्र बघत, पुन्हा आत बघत. मग त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि माझ्या खिशात ठेवला.

"तोच," ते म्हणाले. "हिमालयातला. केसाचा फरक नाही."

नेमके त्याच वेळी रेंजर भोईटे जीपमधून उतरले. त्यांच्या कानावर तो शब्द पडला. त्यांनी चहा मागवला, पायावर पाय टाकला आणि ते सरळ मुद्द्यावर आले.

"म्हणजे डॉक्टरसाहेब, पाखरू इथं मुक्कामाला आहे म्हणायचं."

"मुक्कामाला?" डॉक्टर हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "हजारो वर्षांपासून आहे. तुमच्या-माझ्या आधीपासून."

"बास," भोईटे म्हणाले. "मग उद्या सकाळी कुऱ्हाड घालतो."

डॉक्टरांना हे सुचलंच नव्हतं, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. ते म्हणाले की नमुने आणखी हवेत, अळी अजून मिळालेली नाही, एवढी घाई कशाला. भोईटे म्हणाले की नियम डॉक्टरसाहेबांनी केलेला नाही आणि आपणही केलेला नाही, पण नियम आहे. आणि लाकूडतोड्यांची मजुरी बसल्या बसल्या वाढते आहे. पतंगाचे हवे तितके नमुने डॉक्टरसाहेबांनी आज संध्याकाळपर्यंत धरून घ्यावेत, दिल्लीला न्यावेत, खात्याची हरकत नाही.

दाराशी गौरावहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवले. एकही थेंब सांडला नाही. चहा सांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टर हुपरीकरांना झोप येत नसे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी मालतीबाई गेल्या तेव्हापासून. दौऱ्यावर त्यांच्या खोलीत झोपण्याची पाळी माझ्यावर येई, आणि अंधारात पतंगांच्या उपजातींवर व्याख्यान ऐकत पडणं हा माझ्या नोकरीचा लेखी नसलेला भाग होता. रेस्ट हाउसच्या उशा त्यात भर घालत. त्यात कापूस होता असं म्हणत. मला तो खडीचा एक प्रकार वाटे.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर गौरावहिनी एक उशी घेऊन आल्या. जाड खादीची खोळ, वर लाल दोऱ्यानं घातलेली टाक्यांची वेल.

"मोठ्या साहेबास्नी झोप न्हाय, आसं तुमी म्हनला हुता," त्या मला म्हणाल्या. "ही द्या. माजी हाय. आजच्या रातीपुरती."

उद्या ज्याच्या शब्दावर रान पडणार होतं त्या माणसाला. मी तसं काही बोललो नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"झोपला तर बरा इचार करंल," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

उशीला वास होता. राळेचा, उन्हाचा, जुन्या लाकडी पेटीचा. डॉक्टरांनी डोकं टेकलं, "अनुच्छेद तीन" असं म्हणाले, आणि पुढचा अनुच्छेद आलाच नाही. त्यांचा श्वास लांब लांब होत गेला. मग घोरणं सुरू झालं. मला सवय नसल्यानं मीच जागा राहिलो.

सकाळी डोळे उघडले तेव्हा खोलीत धुकं होतं आणि डॉक्टर खाटेवर मांडी घालून बसले होते. न हलता. समोर उशी. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. शाळेतल्या ग्रुप फोटोत असावा तसा.

"देवस्थळी," ते अगदी हळू म्हणाले, "श्वास घेतलात तरी चालेल."

उशीच्या शिवणीतून, दोन टाक्यांच्या मधून, एक पतंग बाहेर येत होता. ओला, चुरगळलेला, आपण कोण आहोत हे अजून न ठरलेला. बाहेर येऊन तो लाल वेलीवर चढला, थांबला, आणि त्याचे पंख हळूहळू भरत गेले. पोत्याचा रंग उमटला. मग एकेक पांढरा ठिपका.

आम्ही दोघं ते बघत राहिलो. दहा वर्षांचा सिद्धांत बुडायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. पंख वाळायला लागतो तेवढाच.

गौरावहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा डॉक्टरांनी उशीकडे बोट केलं.

"बाई, ही कुठली?"

"म्हायेरची. दर सालाला जाते तवा भाऊ भरून देतो. पिरूलाची." मग माझ्याकडे बघून, "चिडीच्या वाळल्या सुया. आमच्याकडं पिरूल म्हनत्यात. हितल्या कापसावर मला झोप न्हाय लागत."

"आणि यातून हे निघतात?"

"पावसाळा सरला की निघत्यात चार-दोन." त्यांनी पतंगाकडे पाहिलं, शेजारच्या मुलाकडे पाहावं तसं. "मी पदरात धरते आन् रानात नेऊन सोडते. घरात काय करत्याल बिचारी? जुना पिरूल बी तिथंच वतते, झाडाच्या मुळाशी. म्हायेरची चीज उकिरड्यावर कशी टाकायची? तेवढीच वळखीची झाडं हितं."

"ती झाडं त्यांच्या ओळखीची नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले. "ती मेक्सिकोची आहेत."

"आसूंद्या. मी तरी कुठं हितली?"

डॉक्टरांनी उशीवरच्या पतंगाकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, की सगळं रान पाहिलं, एक अळी मिळाली नाही. अंडी घालत असतील, पण पिल्लं जगत नसणार; या झाडाची सुई त्यांना पचत नसावी.

गौरावहिनी चहाची कपबशी हातात धरून उभ्या राहिल्या.

"एक बी न्हाय जगत?"

"नाही."

"मला तर भाकरी पचली," त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्या.

तोवर हैबती दाराशी आला होता. त्यानं पतंग पाहिला, उशी पाहिली, आणि पलटणीतला माणूस असल्यानं परिस्थिती आमच्यापेक्षा लवकर ओळखली. खात्याचं रान राखायला ठेवलेल्या माणसाच्या घरातूनच कीड आली. त्याची मिशी खाली आली.

"माझी नोकरी गेली म्हणायची," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

बाहेर जीप थांबली. धुक्यातून आधी कुऱ्हाडी आल्या, मग माणसं, मग रेंजर भोईटे.

डॉक्टर उठले. पायजम्यावरच व्हरांड्यात गेले. एका हातात उशी, उशीवर पतंग. देवाची मूर्ती न्यावी तसं ते ती सांभाळून नेत होते.

"भोईटे, माणसं परत पाठवा. रानात कीड नाही."

"अहो, काल तर म्हणालात, हजारो वर्षं..."

"काल मी झोपलो नव्हतो."

भोईट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटल्यासारखं तोंड केलं. त्याचाच मला पगार होता.

"मग हे पाखरू आलं कुठनं?"

"उशीतून. हे बघा, आत्ताच निघालंय."

"कुणाच्या उशीतून?"

धुक्यात कुठेतरी एक माणूस कुऱ्हाडीच्या पात्यावरून बोट फिरवत होता. दाराच्या आत हैबती होता, त्याच्या मागे गौरावहिनी.

"माझ्या," डॉक्टर म्हणाले. "मी ज्या उशीवर झोपतो ती माझी."

भोईट्यांनी विचार केला. विचार करताना ते जिभेनं दात चाचपत. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक एक दिवा लागत गेला.

"थांबा थांबा. गेल्या साली तुम्ही डेहराडूनहून थेट इथंच आला होता की, झाडं बघायला. गादी-उशी गुंडाळलेला भला मोठा होल्डॉल होता. हैबतीनं उचलून आणला होता."

"आलो होतो," डॉक्टर म्हणाले. हे अगदी खरं होतं.

"आणि त्यानंतरच मला पाखरं दिसली." भोईटे हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग खुर्ची. "म्हणजे डॉक्टरसाहेब, सगळ्या राज्यात पतंगातले तज्ज्ञ तुम्ही, आणि तुम्हीच ती कीड गादीत घालून आणलीत?"

लाकूडतोडेही हसले. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण रेंजर हसतोय म्हटल्यावर हसलं पाहिजे एवढं कळत होतं. डॉक्टर मध्ये उभे होते. त्यांनी मान थोडी खाली घातली होती, फोटोग्राफरनं सांगितल्यावर घालतात तशी. मीसुद्धा हसलो. न हसतो तर संशय आला असता.

अहवालात त्यांनी एकच वाक्य लिहिलं. सदर पतंग तपासणी अधिकाऱ्याच्या वापरातील उशीतून बाहेर पडल्याचे त्याने स्वतः पाहिले असून रानात त्याची वस्ती नाही. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. अहवाल मीच टाइप केला.

उतरणीच्या एसटीत डॉक्टर खिडकीशी बसले. निघण्याआधी त्यांनी गौरावहिनींना एक अट घातली होती: पिरूल खुशाल आणा, पण घरी नेण्याआधी पुण्याला माझ्याकडे आणायचा. आमच्या संस्थेत नमुने वाळवायची भट्टी आहे, तिच्यात भाजून देईन. पुढच्या साली एखाद्याला ही सुई पचली तर मला पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हा मी झोपलेला असेन का ते सांगता येत नाही.

अर्धा घाट उतरल्यावर मी विचारलं, "सर, दिल्लीचं काय?"

"जाणार की. तिकीट काढलंय."

ढग बसच्या आत येत होते आणि कंडक्टर त्यांच्यामधून तिकिटं फाडत होता.

"मालती रात्री वर्तमानपत्र वाचायची," डॉक्टर म्हणाले. "दिवसा वेळ मिळायचा नाही म्हणून. मी झोपायला टेकलो की शेजारी पानं उलटण्याचा आवाज. बारीक, कोरडा. त्यात मला झोप लागायची. काल रात्री तो आवाज आला. रात्रभर येत होता, कानाशी. मला वाटलं, ही अजून वाचतेय."

बस एका वळणावर कलली.

"पतंग होता," ते म्हणाले. "कोश खरवडत होता."

पुढची हकीकत सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे जी लोक सांगतात ती. संस्थेत डॉक्टरांचं नाव होल्डॉल पडलं. शिपाई त्यांच्या पाठीमागे म्हणत, संचालक तोंडावर म्हणत. दिल्लीच्या परिषदेत ते बोलायला उभे राहिले तेव्हा उत्तरेकडच्या एका विद्वानानं विचारलं, या खेपेला बिछाना बरोबर आणलात का? सभागृह हसलं. सिद्धांताचे कागद त्यांनी परत बॅगेत घातले आणि दुसऱ्याच पतंगावर बोलले. मला वर्षभरात नोकरीत कायम केलं गेलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ती सोडली. लोकांना हसवण्याचा धंदा केला. त्यात पुढे पोट भरलं. मंत्र्यांवर लिहिलं, संपादकांवर लिहिलं, सासऱ्यांवरही लिहिलं. विनोदी माणूस म्हणून मला कोणीतरी दरवर्षी सुचवायचं, तुमच्या त्या होल्डॉलवर लिहा की. मी म्हणायचो, विषय लहान आहे.

आणि दर जूनमध्ये, माहेराहून परतताना, हैबती आणि गौरावहिनी एक पोतं घेऊन संस्थेच्या दाराशी यायचे. डॉक्टर ते कुणाला हात लावू देत नसत. स्वतः भट्टी पेटवायचे, स्वतः पिरूल पसरायचे, स्वतः शेजारी उभे राहायचे. त्या दिवशी सगळ्या इमारतीला राळेचा वास यायचा आणि लेखा विभागातली माणसं टेबलावर डोकं ठेवून झोपायची. संध्याकाळी पोतं परत शिवलं जाई. त्यातला थोडा पिरूल एका लहान उशीत भरून गौरावहिनी डॉक्टरांना देत.

त्यांच्या निरोपसमारंभाला मी गेलो होतो. गावात माझं थोडं नाव झालं होतं, म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. आधी संचालक बोलले आणि मग टाळ्यांच्या गजरात भेट उलगडली. होल्डॉल होता. खाकी, चामडी पट्ट्यांचा, नवा कोरा. सभा इतकी हसली की कुणाला तरी ठसका लागला. मग सगळे माझ्याकडे वळले. आता खरी मजा, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी उठून म्हणालो, की डॉक्टर हुपरीकरांनी आयुष्यात एकदा शांत झोप घेतली, तेव्हा मी त्याच खोलीत होतो. आणि बसलो. लोकांनी थोडं थांबून पाहिलं, पुढे काही आलं नाही तेव्हा हसून घेतलं.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. ते होल्डॉलचे पट्टे लावून बघत होते.

"उशी आहे ना अजून?"

"आहे."

"आणि आवाज?"

डॉक्टरांनी पट्टा ओढून नीट बसवला.

"भाजल्यावर कसा येईल, देवस्थळी?" ते म्हणाले. "वास येतो. भागतं तेवढ्यावर."

मग होल्डॉल काखेत मारून ते सगळ्यांचा निरोप घेत दाराकडे गेले. वाटेत प्रत्येकजण त्यावर एकदा थाप मारून हसत होता आणि ते मान थोडी खाली घालून थांबत होते, प्रत्येकाचं हसून होईपर्यंत.

होल्डॉल फार चांगल्या कापडाचा होता.